मुलांच्या पुस्तकांतील चित्रे : रेषेपासून ठशापर्यंत

चित्र हा डोळ्यांचा विषय. तो कानांच्या स्वाधीन करताना वक्त्याची थोडी अडचण होते. परंतु आज ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे, ती चित्र समोर असूनही सहसा दिसत नाही. मुलांच्या पुस्तकातील एखादे चित्र आपल्याला आवडते, एखादे आवडत नाही. पण ते तसेच का काढले गेले, त्यातील रेषा जाड का, रंग मोजकेच का, मागची बाजू कोरी का, हे प्रश्न आपण विचारीत नाही. त्यांची उत्तरे पुष्कळदा चित्रकाराच्या प्रतिभेपेक्षा छापखान्यातच अधिक सापडतात.

वर्गात नवे वाचनपुस्तक वाटले की मुले प्रथम काय करतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ती भराभर पाने उलटून चित्रे पाहून घेतात आणि मग नाइलाजाने धड्याकडे वळतात. बेळगावच्या सीमाभागात, गोव्यात, किंवा इंदूर-बडोद्यासारख्या ठिकाणी, जेथे मुलाच्या कानांवर दिवसभर दुसरीच भाषा पडते, तेथे तर मराठी पुस्तकातील चित्र हीच त्याची त्या भाषेत शिरण्याची वाट असते. कणगी, जाते, माजघर हे शब्द घरात ऐकू येईनासे झाले आहेत. चित्र असेल तरच ते मनात रुजतात. एका वाचनपुस्तकात धड्यातील आजी खलबत्त्यात सुंठ कुटीत होती आणि चित्रातील आजी पाट्यावर वाटीत होती. वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, खलबत्ता म्हणजे हा सपाट दगड का?" चित्रकाराने धडा वाचला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ, पण तिच्या मनात एक शब्द चुकीच्या वस्तूला चिकटला होता, आणि तो सोडविण्यास मला खरा खलबत्ता वर्गात आणावा लागला. मुलाचा छापील पानावर जेवढा विश्वास असतो तेवढा मोठ्या माणसांचा नसतो. म्हणूनच हा विषय केवळ सौंदर्याचा नाही.

शब्द आणि वस्तू यांची गाठ चित्राने पक्की बांधावी, ही कल्पना जुनी आहे. मोराव्हियाचा शिक्षणवेत्ता कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशे प्रकरणे असून प्रत्येकाच्या माथ्यावर लाकडी ठशाचे एक चित्र आहे. चित्रातील वस्तूंवर बारीक आकडे घातलेले आहेत व तेच आकडे खालच्या लॅटिन आणि जर्मन मजकुरात त्या त्या शब्दापाशी दिलेले आहेत. मुलाने आकडा धरून चित्रातून शब्दाकडे जावे व शब्दातून पुन्हा चित्राकडे यावे. हा कोमेनियस प्रोटेस्टंट बिशप होता, आणि हॅब्सबर्ग राजवटीच्या कॅथलिक सक्तीपायी त्याला मायदेश कायमचा सोडावा लागला. मी स्वतः कॅथलिक आहे. हा इतिहास मला सुखाचा नाही. पण आपल्या बालभाषेच्या अंकलिपीत आंब्याशेजारी 'आ' पाहताना मला त्याचीच आठवण होते.

त्याच्या चित्रांत एक उणीव होती, आणि ती त्याच्या काळाची होती. लाकडाच्या फळीवर, धाग्यांच्या दिशेने, सुरीने ठसा कोरीत असत. बारीक रेष कोरू गेले की लाकूड तुटे. म्हणून चित्र ठोकळेबाज होई. तांब्याच्या पत्र्यावर नाजूक रेषा कोरता येत, परंतु त्यांत शाई खाचेत भरावयाची असते, तर खिळ्यांच्या अक्षरांना ती माथ्यावर लागते. त्यामुळे मजकूर एका यंत्रावर आणि चित्र दुसऱ्या यंत्रावर असे दोनदा छापणे भाग पडे. खर्च दुप्पट झाला की मुलांचे पुस्तक मुलांच्या हाती पडत नाही.

ही कोंडी इंग्लंडमधील न्यूकॅसलचा कारागीर टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने ज्या रीतीने फोडली, ती सांगण्यास सोपी आणि करण्यास कठीण आहे. त्याने फळी सोडून दिली आणि बॉक्सवुड या अतिशय घट्ट लाकडाचा आडवा छेद घेतला, म्हणजे झाड तोडल्यावर बुंध्याचा जो गोल तोंडवळा दिसतो तो. तेथे धागे उभे असल्याने कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच सरकते. त्यावर त्याने धातूवर कोरण्याची बारीक कोरणी चालविली. कोरणीने काढलेला भाग पांढरा राहतो व उरलेला शाई घेतो. म्हणून ब्यूइक काळ्यावर पांढऱ्या रेषेने विचार करू लागला. पक्ष्याचे पीस, ओल्या गवतावरील प्रकाश, दूरचे धुके ही सारी पांढऱ्या रेषांची करणी. त्याचे चतुष्पाद प्राण्यांवरील पुस्तक १७९० साली व पक्ष्यांवरील पुस्तकाचे दोन भाग १७९७ आणि १८०४ साली निघाले. असा ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा करता येई, त्यांच्याच चौकटीत बसे आणि एका दाबात चित्र व मजकूर दोन्ही उठत. बॉक्सवुडचे झाड बारीक बुंध्याचे, म्हणून चित्रेही लहान. मोठे चित्र हवे असल्यास ठोकळे जोडावे लागत.

यानंतर चित्रकार आणि कोरणारा ही दोन माणसे झाली, आणि त्यांच्यामधील भांडणही सुरू झाले. लुईस कॅरलच्या 'ॲलिस'साठी जॉन टेनियल याने ४२ चित्रे काढली, ती कोरली डॅलझील बंधूंनी. चित्र ठोकळ्यावर उलटे उतरवावे लागे, कारण छापताना डावे ते उजवे होते. टेनियलने मारलेल्या आडव्या-तिरप्या रेषांच्या मधला प्रत्येक चिमुकला चौकोन कोरणाऱ्याने पोखरून काढावयाचा! १८६५ साली पहिल्या दोन हजार प्रती छापून झाल्या आणि टेनियलने चित्रांच्या छपाईबद्दल नापसंती कळविली. कॅरलने ती आवृत्ती मागे घेतली, आणि सारे पुस्तक स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या छापखान्यात नव्याने छापविले. नाकारलेली पाने पुढे न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाला विकण्यात आली. एका चित्रकाराच्या शब्दाखातर लेखकाने एवढा तोटा पत्करावा, हे आजच्या व्यवहारात विरळाच.

माझ्या मते मुलांच्या चित्रांना खरा जीव आला तो रँडॉल्फ कॉल्डेकॉटच्या हातून. हा मूळचा बँकेतील कारकून. मुद्रक एडमंड एव्हन्स याच्याशी त्याची गाठ पडली आणि १८७८ पासून दर वर्षी दोन याप्रमाणे एकेका शिलिंगाची सोळा चित्रपुस्तके त्याने केली. १८८६ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, तो वारला. एव्हन्सची रीत अशी : कॉल्डेकॉटच्या टाकाच्या रेखाटनाचे छायाचित्र लाकडी ठोकळ्यावर घ्यावयाचे, त्यावरून बाह्यरेषेचा ठसा कोरावयाचा, त्याची प्रत चित्रकाराकडून रंगवून घ्यावयाची आणि मग प्रत्येक रंगासाठी निराळा ठोकळा कोरावयाचा. प्रत्येक पान तितक्याच वेळा यंत्राखालून जाई. रंग वाढला की किंमत वाढे. म्हणून थोड्या रंगांतून पुष्कळ रंगांचा भास उत्पन्न करणे ही कला ठरली. कॉल्डेकॉटने ती अडचण शैलीतच मुरवून टाकली. पार्श्वभूमी त्याने कोरी सोडली, रेषा कमी केल्या. रेषा जितक्या थोड्या तितक्या चुका थोड्या, असे त्याचे मत होते. त्याचा घोडा चार रेषांत धावतो, आणि त्या कोऱ्या कागदावर मुलाला धूळ उडताना दिसते.

पण त्याचे मोठेपण याहून वेगळ्या गोष्टीत आहे. इंग्रजीत एक अर्थहीन बडबडगीत आहे. त्यात गाय चंद्रावरून उडी मारते आणि शेवटी बशी चमच्याला घेऊन पळून जाते. शब्द तेथे संपतात. १८८२ सालच्या आपल्या पुस्तकात कॉल्डेकॉटने त्यानंतर आणखी एक चित्र घातले आहे : बशी फुटून पडली आहे, आणि चमच्याला तिचे आईबाप, म्हणजे सुरी आणि काटा, दोन्ही बाजूंनी धरून घरी नेत आहेत. एकही शब्द नाही. मजकुराने जे सांगितले नाही ते चित्राने सांगितले, आणि मजकुराला कोठेही खोटे पाडले नाही. आमच्या पाट्यावरच्या आजीत आणि या बशीत हा फरक आहे. चित्राने अधिक बोलावे. विरुद्ध बोलू नये. अमेरिकेत १९३८ पासून मुलांच्या उत्तम चित्रपुस्तकाला जे पदक देतात, त्याला कॉल्डेकॉटचेच नाव आहे.

बिआट्रिक्स पॉटरचा पीटर ससा सर्वांना ठाऊक आहे. तो जन्मला १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात. प्रकाशकांनी नाकारल्यावर बाईंनी १९०१ मध्ये स्वतःच २५० प्रती काढल्या. त्यांतील आतली चित्रे काळ्या रेषांची होती. १९०२ साली रंगीत आवृत्ती निघाली, तोवर लाकूड मागे पडून तीन रंगांच्या छायाचित्रणाची पद्धत आली होती : जलरंगांतील चित्राचे तीन रंगीत काचांतून तीन फोटो घ्यावयाचे आणि पिवळा, तांबडा, निळा असे तीन ठसे एकावर एक छापावयाचे. मुलाच्या मुठीत मावेल एवढे पुस्तक आणि पान उलटताच नवे चित्र, हा हट्ट मात्र बाईंचा स्वतःचा.

आता आपण कलकत्त्यास येऊ. ही हकीगत आपल्या शाळांतून सांगितली जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी मुलांसाठी बंगालीत रामायण लिहिले व त्यासाठी स्वतः चित्रे काढली. छापखान्याने ती लाकडावर कोरवून घेतली आणि त्यांचा पार विचका झाला. दुसरा कोणी कपाळावर हात मारून बसला असता. उपेंद्रकिशोरांनी लंडनच्या पेनरोज कंपनीकडून कॅमेरा व सामग्री मागवून १८९५ च्या सुमारास घरीच ठसे करण्याचा उद्योग आरंभला आणि हाफटोन ही त्या वेळची अगदी नवी विद्या पुस्तकांवरून व स्वतःच्या प्रयोगांतून साध्य केली.

हाफटोन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. छापखान्याची शाई एकतर कागदाला लागते किंवा लागत नाही. तिला फिकी होता येत नाही. मग गालावरची सावली, ढगाची कड, ही मधली छटा छापावी कशी? यासाठी कॅमेऱ्यात, फोटोच्या काचेपुढे किंचित अंतरावर, काचेची जाळी ठेवितात. बारीक काळ्या रेषा आखलेल्या दोन काचा एकमेकींवर काटकोनात चिकटविल्या की ही जाळी होते. तिच्या घरांतून येणारा प्रकाश चित्राचे लक्षावधी ठिपके करतो. गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. हे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून उरलेला भाग तेजाबाने खाववितात, आणि पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा ब्लॉक करतात. ठिपके सारे सारख्याच काळ्या शाईचे. दुरून मात्र डोळा त्यांची छटा करून घेतो. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचामागे सुमारे ६५ रेषांची जाळी पुरे होई. गुळगुळीत आर्ट पेपरवर १३३ किंवा १५० रेषांची चाले. बारीक जाळीचा ब्लॉक हलक्या कागदावर छापला की ठिपके एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग उठतो. जुन्या पाठ्यपुस्तकांतील थोर पुरुष एकाच चेहऱ्याचे का दिसतात, त्याचे एक कारण येथे आहे.

जाळी व फोटोची काच यांत नेमके अंतर किती असावे, भिंगापुढील छिद्राचा आकार कसा असावा, यांवर उपेंद्रकिशोरांनी गणिताने विचार केला आणि १८९७ पासून पुढे त्यांचे लेख 'पेनरोज ॲन्युअल' या मुद्रणविद्येच्या ब्रिटिश वार्षिकात येत राहिले. जो गृहस्थ विलायतेच्या तज्ज्ञांना ठशांचे शास्त्र समजावीत होता, तोच १९१० साली 'टुनटुनिर बोई' या पुस्तकात शिंपी पक्ष्याच्या गोष्टी सांगत होता. १९१३ मध्ये त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. गोष्टी, चित्रे, ठसे, छपाई सारे घरचे.

त्यांचे चिरंजीव सुकुमार राय मँचेस्टर व लंडन येथे मुद्रण शिकून आले. पण 'आबोल ताबोल'मधील त्यांची स्वतःची चित्रे आहेत साध्या टाकाच्या रेषेची. तेथे जाळीची गरजच नाही. त्याला रेषेचा ब्लॉक पुरतो. त्यांनी बदक आणि साळींदर जोडून एक प्राणी निर्माण केला आहे. चित्रात त्याची मान, काटे, पाय असे गंभीरपणे, जणू प्राणिशास्त्राच्या ग्रंथासाठी काढले आहेत, की मूल हसते आणि त्यावर विश्वासही ठेविते. विनोदी चित्र वेडेवाकडेच काढावे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत. सुकुमार काळ्या आजाराने अंथरुणाला खिळले असताना या पुस्तकाची मांडणी करीत होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले. पुस्तक नऊ दिवसांनी बाहेर आले. 'संदेश' बंद पडले होते, ते १९६१ साली त्यांचे पुत्र सत्यजित राय यांनी पुन्हा सुरू केले.

मराठीकडे पाहिले तर श्रावणातील आपल्या व्रतकहाण्यांचे किंकेड यांनी केलेले इंग्रजी पुस्तक १९१४ साली निघाले, आणि त्याची चित्रे कोल्हापुरात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत. मराठी स्त्रियांची वेशभूषा आणि ठेवण हा धुरंधरांचा हातखंडा विषय. असे चित्रकार आपल्यात असता कहाण्यांचे असे सचित्र पुस्तक इंग्रजीत व्हावे, हा योग चमत्कारिक खरा.

शिळाछापाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. या पद्धतीत कोरणे नाहीच. विशिष्ट चुनखडीच्या दगडावर चिकट खडूने चित्र काढावयाचे, दगड ओला करावयाचा, आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. चिकट भाग शाई घेतो, ओला भाग ती नाकारतो. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्यातील देवादिकांच्या तसबिरी अशाच, रंगागणिक निराळा दगड वापरून छापलेल्या आहेत. रशियात लेबेदेव या चित्रकाराने १९२५ च्या सुमारास कवी मार्शाकच्या पुस्तकांसाठी शिळाछापाचा उपयोग करून मोजक्या सपाट रंगांत सर्कस आणि आइस्क्रीमवाले उभे केले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित होईपर्यंत तेथील मुलांची पुस्तके मराठीतही येत होती, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांना त्यांतील चित्रे अजून आठवतात; लेखकांची नावे मात्र फारशी कोणाला सांगता येत नाहीत!

यंत्राची बंधने सैल झाल्यावर चित्रकाराचे लक्ष पुस्तकाच्या घडणीकडे वळले. मॉरिस सेंडॅकच्या १९६३ सालच्या 'जंगली प्राण्यां'च्या पुस्तकात पहिले चित्र पानाच्या मध्यभागी लहान चौकोनात आहे. मुलाचा राग आणि स्वप्न वाढते तसतसे चित्र वाढत जाते, शब्दांना खाली ढकलते आणि अखेर समोरासमोरची दोन्ही पाने व्यापते; अशी तीन जोडपाने तर निःशब्द आहेत. मग मूल घरी परतते, चित्र पुन्हा आवरते, आणि शेवटच्या पानावर चित्र नाहीच, केवळ दोनचार शब्द. एरिक कार्लने १९६९ साली पातळ कागद स्वतः रंगवून, कापून, चिकटवून एक सुरवंट केला आणि त्याने खाल्लेल्या फळांना पानांत खरोखरीची भोके पाडली. मुलाचे बोट त्यातून आरपार जाते.

आणखी एक उदाहरण आपल्या इंदूरकरांच्या प्रांतातील. पाटणगढच्या गोंड परंपरेतील भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या कलावंतांचे झाडांविषयीचे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली काढले. हाताने केलेल्या काळ्या कागदावर, ताणलेल्या कापडाच्या जाळीतून शाई दाबून, एकेक रंग हाताने छापलेला. भिंतीवरच्या चित्राची रेषा पुस्तकात आली तरी तिचा दाटपणा गेला नाही, तो या छपाईमुळे. झटपट यंत्रछपाईत तो टिकला असता असे मला वाटत नाही.

आता बहुतेक सर्व पुस्तके ऑफसेट यंत्रावर चार रंगांत निघतात, आणि चित्रकार कागदाऐवजी संगणकाच्या पाटीवरही काढतो. त्यात वाईट काही नाही. मात्र रंग फुकट झाल्यापासून पान रंगांनी गच्च भरण्याची सवय लागली आहे, आणि कॉल्डेकॉटची कोरी जागा दुर्मीळ झाली आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एक लहानसा प्रयोग सुचवितो. एक साधे भिंग घ्या आणि घरातील जुनीनवी पुस्तके मुलांना त्यातून पाहू द्या. जुन्या लाकडी ठशात कोरणीने सोडलेली पांढरी रेष दिसेल. हाफटोनमध्ये काळे ठिपके दिसतील. शिळाछापात दगडाचा वाळूसारखा रवा दिसेल. आजच्या पुस्तकात निळा, जांभळट तांबडा, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक फुले दिसतील. आणि रंग नीट एकावर एक बसले नसतील तर नायकाच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरलेली आढळेल. आमच्या वर्गातील मुलांनी अशी एक लाली शोधून काढली, आणि मग तासभर कोणी भिंग सोडावयास तयार नव्हते.